टोचनगाडी रिपेअर करायची की बदलायची? खान्देशातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे ते जळगाव या पट्ट्यात मी टोचनचं, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचं काम करतो, माझी एक डिझेल गाडी आहे, मागे क्रेन आणि विंच (वायर रोप गुंडाळून ओढणारं यंत्र) बसवलेली. या धंद्यात आल्यापासून फोनवर, टपरीवर, गॅरेजच्या कट्ट्यावर लोक मला एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडाने विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. हे टोचनगाडीबद्दल आहे, पण ज्याची पिकअप किंवा आयशरसारखी गाडी ट्रॉली ओढते त्यालाही बरंच लागू पडेल.

गाडी महिन्यातून दोनदा बंद पडते, विकून टाकू का?

आज नका ठरवू. गाडी रस्त्यात उभी असताना, गिऱ्हाईक फोनवर ओरडत असताना आणि मिस्त्री मान हलवत असताना माणूस जो निर्णय घेतो तो बहुतेक वेळा रागाचा असतो. माझा भाऊ अशाच वेळी म्हणाला होता, "आप्पा, आते हाई गाडी इकी टाक." मी विकली नाही, आणि नंतर कळलं की गाडीत खराबी एकच होती, आम्ही तीन वेगवेगळ्या समजत होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. खराबी नेमकी कोणती ते माहीत असेल तर रिपेअरचा विचार करा, कारण तिची किंमत काढता येते. खराबी माहीतच नसेल तर ती सापडेपर्यंत एक रुपयाही पार्टवर घालू नका, आणि विकण्याचाही निर्णय घेऊ नका, कारण काय विकतोय हेच तुम्हाला माहीत नाही. अंदाजाने पार्ट बदलत बसणं हा सगळ्यात महाग रिपेअर आहे. दोन चांगल्या माणसांनी बघूनही सापडत नसेल, वायरिंगमधली लपलेली खराबी, कधी येते कधी जाते अशी, तर मात्र ती गाडी टोचनच्या धंद्याला चालत नाही, कारण आपण रात्री दोन वाजता दुसऱ्याला काढायला जातो, तिथे आपणच बसलो तर गिऱ्हाईक परत फोन करत नाही.

मिस्त्री म्हणतो इंजिन गेलं. खरंच गेलं का हे मला कसं कळणार?

इंजिन गेलं हे दोन शब्द आपल्याकडे फार स्वस्त झालेत. गाडी ओढत नाही म्हणजे इंजिन गेलं असं नाही, आधी काही गोष्टी स्वतः बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

धूर बघा. सकाळी थंड इंजिनला थोडा पांढरा धूर आला आणि गेला तर काळजी नाही, पण गरम झाल्यावरही पांढरा येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय तर पाणी आत जळतंय, म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील), हेडला क्रॅक किंवा लायनर (सिलिंडरची आतली नळी). निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, कधी टर्बोचा सील. काळा धूर आणि पिकअप नाही म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, इथे इंजिन उघडायच्या आधी एअर फिल्टर, इंटरकूलरचा फाटलेला होज आणि नोझल बघायचे. कितीतरी गाड्यांचा काळा धूर मी फाटलेल्या होजवर क्लिप बदलून गेलेला पाहिलाय.

मग इंजिन गरम करा, स्लोवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं त्याच तोंडावर ठेवा. थोडी वाफ येणारच. पण झाकण नाचायला लागलं, उडून पडलं आणि धूर फसफसून यायला लागला तर कॉम्प्रेशन खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागात उतरतंय, रिंगा-लायनर झिजलेत. आता इंजिनचं काम निघणार हे मान्य करायला हरकत नाही, तरी कॉम्प्रेशन गेज लावून चारही नाहीतर सहाही सिलिंडरचं माप कागदावर लिहून घ्या. सगळे सारखे खाली असतील तर इंजिन वयाने थकलंय. एकच खाली असेल तर तिथे काहीतरी वेगळं झालंय, आणि तो खर्च फुल कामापेक्षा बराच कमी असू शकतो.

डिपस्टिक काढून बघा, ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय, गाडी स्टार्ट करू नका. ऑइल पातळ होऊन लेव्हल वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल उतरतंय.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या पंपाच्या गाडीला मिस्त्री चालू इंजिनवर एकेक नोझलचा पाइप ढिला करून कोणता सिलिंडर मार खातोय ते बघतात. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या गाडीवर हे कधीही करू नका, त्या पाइपातलं प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं, डिझेलची बारीक धार कातडीत घुसते आणि बोट कापायची वेळ येते. तिथे स्कॅनर लावायचा आणि रिटर्न टेस्ट करायची, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला छोटी बाटली लावून कोणाचं डिझेल जास्त परत येतंय ते बघायचं. ज्याची बाटली लवकर भरली तो कमजोर.

गाडी फक्त उन्हाळ्यात तापते. हा दोष गाडीचा की हवेचा?

गाडीचा, पण आपली हवा तो उघडा पाडते. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डांबर त्याहून तापलेलं, आणि आपली गाडी हळू चालते, मागे वीस-पंचवीस टनांचं धूड असतं, वारा रेडिएटरला लागतच नाही. रिकामी फिरणारी गाडी जी कमजोरी लपवते ती टोचनगाडी लपवू शकत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. दहिवेलच्या पुढे कोंडाईबारी घाटात एका दहाचाकीला घेऊन चढत होतो, दुपारची वेळ, काटा वर गेला आणि गाडीने पाणी फेकलं. गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट बदललं. दोन महिन्यांनी परत तेच. परत गॅस्केट, या वेळी हेड फेसिंगसुद्धा (हेडचा तळ मशिनवर सपाट करणं) केलं म्हणाले. तिसऱ्यांदा फागण्याजवळ झालं, परत गॅस्केट टाकलं आणि मी गाडी विकायला काढली, एकाने बघून भावही सांगितला, अगदी भंगाराच्या जवळचा. विकायच्या आधी एरंडोलच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवली. त्याने इंजिनला हातच लावला नाही. गाडी गरम करायला लावली, बंद केली, आणि रेडिएटरवर तळहात लांबूनच फिरवत गेला. वरचा भाग रसरशीत गरम, मधला एक पट्टा आणि खालचा कोपरा जवळजवळ गार. म्हणाला, "पानी फिरतंच नही भाऊ इथं." रेडिएटर उतरवून टाकी उघडली तर निम्म्याच्या वर नळ्या पांढऱ्या थराने बंद, खडूसारखा थर, स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर पापुद्रा निघत होता. आम्ही वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकत होतो. गॅस्केट दर वेळी जळत होतं ते खरंच, पण ते कशामुळे जळतंय हे कोणी विचारलं नव्हतं. रेडिएटरचा नवीन कोअर, थर्मोस्टॅट, नवी कॅप आणि कूलंट एवढ्यावर गाडी ठीक झाली. तीन गॅस्केटच्या पैशात हे दोनदा झालं असतं.

म्हणून तापणाऱ्या गाडीला आधी रेडिएटर बघा, आतून आणि बाहेरूनही. बाहेरून पंखांमध्ये कपाशीचा कचरा, गवत, धुरळा, ऑइलचा चिकटा बसतो, तो इंजिनच्या बाजूने पाणी मारून बाहेर काढायचा, समोरून मारला तर आत घट्ट बसतो. मग फॅनचा व्हिस्कस क्लच, बेल्ट, पाण्याचा पंप. कॅपला कमी समजू नका, ती प्रेशर धरते म्हणून पाणी शंभर डिग्रीलाही उकळत नाही, कॅप ढिली झाली की तेवढंच पाणी लवकर उकळतं. आणि बोअरचं पाणी बंद, कंपनी सांगते त्या मापाने कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. घाटात अडचणीत टाकलं तर टाका, पण घरी आल्यावर काढून टाका.

हेड खरंच उघडलं असेल तर फेसिंग झाल्याचं बिल मागा, आणि लायनर ब्लॉकच्या वर किती उभे आहेत ते मोजलं का हे विचारा. एखादा लायनर खाली बसलेला असेल तर जगातलं कोणतंही गॅस्केट टिकणार नाही.

किती खर्चापर्यंत रिपेअर परवडतो? गाडीच्या किमतीच्या अर्धा म्हणतात ते खरं का?

ते अर्ध्याचं गणित मला पटत नाही, कारण जुन्या टोचनगाडीला बाजारात किंमत कमी मिळते पण तिच्या मागची क्रेन, विंच, आपण बसवलेला सगळा सांगाडा आपल्या उपयोगाचा असतो, विकताना त्याचे पैसे कोणी देत नाही. मी असा हिशोब करतो. मागच्या १२ महिन्यांची सगळी बिलं काढायची, आणि गाडी किती दिवस उभी होती ते मोजायचं. दुसरा आकडा लोक धरतच नाहीत.

समजा वर्षभरात १ लाख ९० हजार रिपेअरला गेले आणि गाडी ४८ दिवस उभी राहिली. चालू दिवशी डिझेल, ड्रायव्हर, हेल्पर काढून हातात २२०० रुपये राहतात असं धरलं तर उभ्या दिवसांचे १ लाख ५ हजार ६०० बुडाले. एकूण २ लाख ९५ हजार ६००, म्हणजे महिन्याला साधारण २४ हजार ६०० ही जुनी गाडी खातेय. आता बदलायची म्हटलं आणि १५ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ३३ हजार ४०० च्या आसपास बसतो, वर नव्या गाडीचा इन्शुरन्स जास्त. म्हणजे एवढा त्रास देऊनही जुनी अजून स्वस्त पडते, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. हप्ता संपल्यावर नवी गाडी तुमच्या नावावर उरते हे खरं, तेही जमेस धरा, पण ५ वर्षं दर महिन्याला ते पैसे खिशातून निघायला हवेत.

आणि खराबी सापडलीय, फुल इंजिन काम सव्वादोन लाखात होतंय, ते काम ३ वर्षं टिकेल असं धरलं तर महिन्याला ६२५० पडतात. वर साधा मेंटेनन्स ७ हजार आणि महिन्यात एक दिवस उभी म्हणून २२००. झाले साडेपंधरा हजारांच्या आत. इथे रिपेअर जिंकतो, भावनेने नाही तर आकड्याने. तुमचे आकडे वेगळे असतील, तुमचेच टाका, आणि घरच्यांसमोर कागदावर टाका कारण डोक्यातल्या हिशोबात माणूस स्वतःच्या बाजूने खोटं धरतो.

मग बदलायचीच असं कधी?

चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. इंजिन नवीन बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, क्राउन-पिनियन मिळतो, पण जी चेसिस क्रेनच्या पायथ्याशी तडकलीय, वेल्डिंग केलं आणि परत त्याच्याच बाजूला तडकली, ती गाडी थांबवा. दुरून दिसत नाही. बूमच्या (क्रेनच्या हाताच्या) खाली, मागच्या हँगर ब्रॅकेटजवळ आणि जिथे सबफ्रेम (क्रेनखालचा सांगाडा) यू-बोल्टने बांधलीय तिथे वायर ब्रशने रंग-चिखल काढून टॉर्चच्या उजेडात बघायचं, केसासारखी बारीक गंजलेली रेघ दिसली की ती क्रॅक. लोक तिच्यावर पट्टी मारतात, भार पट्टीच्या टोकाला जातो आणि पुढची क्रॅक तिथेच निघते. मागे उचललेली गाडी असते, रस्त्यावर पोरं उभी असतात बघायला, इथे पैशाचा हिशोबच करायचा नाही.

दुसरं म्हणजे गाडीच कामाला छोटी असणे. ही गोष्ट फार कमी लोक मान्य करतात. २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या एक्सलची मंजूर वजनं वाढवली, दहाचाकी २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली. आपली टोचनगाडी तीच राहिली आणि समोरचं गिऱ्हाईक जड झालं. क्लच प्लेट दर सहा महिन्यांनी जळते, प्रोपेलरचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस तुटतो, कमानीचे (स्प्रिंगचे) पट्टे बसतात, आणि मागे वजन उचललं की पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हातात रिकामं लागतं, तर हा बिघाड नाही, गाडी तिच्या ताकदीपलीकडे काम करतेय. कितीही रिपेअर करा, तेच परत तुटणार. एक तर मोठी गाडी घ्या, नाहीतर छोट्या गाड्यांचंच काम घ्या. दुसरा रस्ता कमीपणाचा नाही, कार आणि पिकअप उचलणाऱ्याला शिरपूर ते चाळीसगाव भरपूर काम आहे.

विंच, हायड्रॉलिक, वायर रोप याचं काय?

हे बहुतेक वेळा गाडी बदलायचं कारण होत नाही. सिलिंडर हळूहळू खाली बसतोय तर आधी सील किट, होज घामेजलाय तर तो फुटायच्या आधी बदलायचा. पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद क्रेनला देणारा भाग, आवाज करतोय तर गिअरबॉक्सचं ऑइल बघा. वायर रोपमध्ये मात्र काटकसर नको. तारा तुटून उभ्या राहिल्यात, एका जागी दबून चपटा झालाय, मूळ जाडीपेक्षा बारीक झालाय किंवा पीळ उघडून पिंजऱ्यासारखा फुगलाय, यातलं एक जरी दिसलं तरी रोप त्याच दिवशी बदलायचा. हाताने तपासताना चामड्याचा हातमोजा घाला आणि ताण असताना रोपच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका.

बदलायचीच ठरलं तर बीएस६ घेऊ की चांगली जुनी बीएस४ शोधू?

बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी नियम. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाडी बीएस६ च मिळते, त्यामुळे बीएस४ म्हणजे सेकंडहँड. बीएस६ वाईट आहे असं मी म्हणणार नाही, ताकद चांगली आहे, पण आपल्या धंद्याची एक सवय तिला सोसत नाही. आपण जागेवर उभं राहून तास-दोन तास इंजिन स्लोवर ठेवून पीटीओवर क्रेन चालवतो. एक्झॉस्टमधला डीपीएफ नावाचा फिल्टर काजळी धरून ठेवतो आणि ती जाळायला त्याला चांगली गरमी लागते, लांब पळती गाडी ती आपोआप जाळते, उभी गाडी जाळत नाही. मग दिवा लागतो, ड्रायव्हर दुर्लक्ष करतो, आणि पुढे फिल्टर चोक होऊन गाडी ताकद सोडते. बीएस६ घेतली तर ड्रायव्हरला रिजनरेशनचं, म्हणजे काजळी जाळायचं बटण आणि दिवे नीट शिकवा, मोठ्या कामानंतर गाडी हायवेवर लोडमध्ये पळवा.

आणि युरिया, म्हणजे डीईएफ. धूर साफ करायला बीएस६ च्या वेगळ्या टाकीत टाकायचं ते साडेबत्तीस टक्के युरियाचं शुद्ध द्रावण असतं. शेतीचा युरिया बादलीत कालवून टाकणारे महाभाग मी पाहिलेत, ते करू नका, पंप आणि सिस्टिम दोन्ही जातात. चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ गेलं तर स्विचसुद्धा ऑन करू नका, टाकी उतरवून साफ करा.

ज्याचं काम गावाजवळचं, उभ्या-उभ्याचं आहे आणि जवळपास स्कॅनरवाला चांगला मिस्त्री नाही, त्याला मी चांगली ठेवलेली बीएस४ बघ म्हणेन. ज्याच्या फेऱ्या सुरत, इंदूर अशा लांबच्या आहेत त्याला बीएस६.

किमतीबद्दल एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. सेकंडहँडवाला अजून जुन्या भावाच्या अंदाजाने किंमत सांगत असेल तर नव्याचं कोटेशन समोर ठेवून बोला.

सेकंडहँड बघायला जाताना काय करू?

सकाळी लवकर जा, न सांगता जमलं तर उत्तम, आणि बोनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे का बघा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी म्हणजे कोल्ड स्टार्ट लपवलाय. वर सांगितलेली झाकणाची आणि धुराची टेस्ट करा. टर्बोचा होज काढून शाफ्ट बोटाने हलवा. डोळे मिटून ट्राय घेऊ नका, मागे वजन लावून लळिंगचा चढ चढवून आणा, रिकाम्या गाडीचा ट्राय आपल्या कामाचा नाही. समुद्राच्या बाजूला वापरलेली गाडी स्वस्त मिळते पण चेसिसच्या आतून गंज बघा, बाहेरून नवा काळा रंग मारलेला असेल तर जास्तच नीट बघा.

कागदपत्रांचं काय काय धरावं?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये बंद गाडी ओढून नेणाऱ्या वाहनाला परमिटमधून सूट आहे, पण फिटनेस, इन्शुरन्स, टॅक्स, पीयूसी यातून सूट नाही, यात गोंधळ करू नका. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. गाडीचं वय वाढत जातं तशी फिटनेसची फी खूप वाढते. म्हणून १३-१४ वर्षांच्या गाडीवर मोठं इंजिन काम काढण्याआधी पुढच्या पासिंगला काय खर्च येणार ते आरटीओत विचारून हिशोबात टाका.

गाडी अगदीच संपली असेल तर कबाडीला देण्याऐवजी सरकारमान्य स्क्रॅप सेंटरला द्या. तिथून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या रोड टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची केंद्राच्या नियमात तरतूद आहे. क्रेन आणि विंच आधी उतरवून घ्या.

विकली तर आरसी खरेदीदाराच्या नावावर होईपर्यंत पाठ सोडू नका. नोटरी केली, पैसे मिळाले, झालं असं समजणारे खूप आहेत. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तो मालक. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून स्वतः आरटीओत उभे राहा, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी तो उतरवा.

विकताना खराबी सांगायची का? सांगितली तर भाव पडतो.

सांगायची. पडू द्या भाव. ती गाडी घेणारा माणूस ती घेऊन रात्री घाटात जाणार आहे, मागे दुसऱ्याची गाडी लटकवून. ब्रेक, चेसिस, स्टिअरिंगची खराबी लपवून विकणं हे माझ्या मते पाप आहे. आणि आपला पट्टा छोटा आहे भाऊ, धुळ्यात विकलेली गाडी पारोळ्यात दिसते, तोच माणूस उद्या तुमच्याकडे काम पाठवणार किंवा नाही पाठवणार.

मिस्त्रीवर विश्वास कसा ठेवायचा?

जुने पार्ट परत मागा, प्रत्येक वेळी, भांडायला नाही तर बघायला. पिस्टनवरचे ओरखडे, बेअरिंगचा रंग, गॅस्केट कुठून जळालंय, हे सगळं पुढच्या मिस्त्रीला कामाला येतं. एक वही ठेवा, तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती दिवस उभी. मी ती वही तिसऱ्या गॅस्केटनंतर सुरू केली, आधी असती तर दुसऱ्यालाच शंका आली असती. काम देताना जमलं तर बोली ठरवा, लेबर वेगळं, पार्ट वेगळे, मशिन शॉपचं बिल वेगळं.

काम काढायचं तर कधी काढावं?

थंडीत, संक्रांतीच्या आगेमागे. एप्रिलपासून आपल्या रोडवर टायर फुटतात, गाड्या तापतात, रावेर-यावल-सावद्याकडून केळीच्या गाड्या निघतात आणि केळीची गाडी बंद पडली की तो शेतकरी आणि ड्रायव्हर दोघंही घड्याळाकडे बघत बसलेले असतात, माल उन्हात पिकायला लागतो. तेव्हा आपली गाडी गॅरेजमध्ये उघडून पडलेली असणं म्हणजे वर्षाची कमाई घालवणं. नवीन बांधलेल्या इंजिनला पहिले काही दिवस जड टोचन देऊ नका, पहिलं ऑइल लवकर बदला.

माझीच टोचनगाडी बंद पडली आणि दुसऱ्याच्या टोचनवर आणायचीय, काय काळजी घेऊ?

प्रोपेलर खोला. हे आपण गिऱ्हाइकाला रोज सांगतो आणि स्वतःच्या वेळी घाईत विसरतो. मागची चाकं जमिनीवर फिरत राहिली की ती प्रोपेलरवाटे गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरवतात, पण इंजिन बंद म्हणून खालचा शाफ्ट फिरत नाही, ऑइल वर उडत नाही, आणि पन्नास-साठ किलोमीटरमध्ये गिअरबॉक्सही जाऊ शकतो. एक खराबी घेऊन निघालात आणि दोन घेऊन पोचलात, मग रिपेअरचं सगळं गणितच बदलतं. दुसरं, एअर ब्रेकची गाडी असेल तर टाकीत हवा नसल्यावर मागचे पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लॉक राहतात. ओढणाऱ्या गाडीतून हवेचा होज जोडा, टाकी भरली आणि चाकं मोकळी झाली हे खाली वाकून बघा. होज जुळत नसेल तर ब्रेक चेंबरचा रिलीज बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळून धरावी लागते म्हणजे ब्रेक सुटतो, पण त्याआधी चाकांना लाकडी ओट (अडथळे) लावा, कारण त्यानंतर त्या गाडीला पार्किंग ब्रेकच उरत नाही. आणि खोललेल्या प्रोपेलरचे नट-बोल्ट पिशवीत भरून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा, गॅरेजला पोचेपर्यंत ते हमखास हरवतात आणि मग साधे बोल्ट मारले जातात, जे लोडमध्ये तुटतात.